एवढं लेकरू धरा

७ नोव्हेंबर १९९४, सोमवार
बारामतीत बिऱ्हाड लागलं एकदाचं! दिवाळीचा चिवडा अजून डब्यात आहे आणि मी नव्या गावात, नव्या खोलीत, नव्या वहीत लिहितेय. बदली निमगाव केतकीच्या टेलिफोन एक्स्चेंजला झाली. राहायला मात्र बारामतीच बरी, असं ह्यांचं मत पडलं. दवाखाना जवळ, आणि स्वरूपा अडीच वर्षांची. हे पुण्यालाच, सुट्टी मिळेल तसे येतील. घरमालकीण साखरबाई. पोरीला बघताच त्यांनी कडेवर घेतलं आणि सांगून टाकलं की दिवसभर ही माझ्याकडं राहील, तुमी खुशाल जावा. स्वरूपाही गेली निमूट. माझाच जीव थोडा वरखाली झाला.

निमगाववरून जाणारी इंदापूरची सकाळची गाडी म्हणजे फिरती जत्रा. फलाटाला लागायच्या आधीच पळत्या गाडीच्या खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. ज्याचा रुमाल त्याची जागा. मी दारातून चढले तेव्हा बाकड्यांवर माणूस एक नाही आणि जागा एकही रिकामी नाही! उभीच गेले. एका बाजूला दुधाचा कॅन, दुसरीकडे कोंबड्यांची पाटी. कंडक्टर भीमराव मोठा गमत्या माणूस. लोकांच्या फासळ्या मोडायची वेळ आली तरी त्यांचं चालूच, "सरका की म्होरं, आत मैदान मोकळं हाय!"
सगळी गाडी हसली. मीही. गाव आवडेल मला.

९ नोव्हेंबर
रुमाल टाकायला शिकले. लीलाबाईंनी शिकवलं. त्या बांगड्या विकतात, रोज याच गाडीने जातात-येतात. लोक त्यांना जागा देतात, कारण टोपली फुटली तर काचा सगळ्यांनाच लागणार.

संध्याकाळी परतताना एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. निमगाव सोडलं की लासुर्ण्याच्या अलीकडे पिंपरणीचा फाटा लागतो. तो यायच्या आधी दाराकडच्या बाजूच्या लोकांनी भराभर खिडक्यांच्या काचा ओढून घेतल्या. आत घामाने जीव जात होता. धुळीचं म्हणावं तर रस्त्यावर धूळ नव्हती. फाटा मागे पडल्यावर काचा पुन्हा उघडल्या. मी विचारलं तर शेजारीण म्हणाली की वारं लागतं. वारं लागावं म्हणून तर खिडकी धरतात ना?

११ नोव्हेंबर
आज खिडकीची जागा मिळाली. काच ओढली नाही. उकडत होतं, आणि खरं सांगायचं तर मला लोकांचं थोडं हसूही येत होतं.

फाट्यावर गाडी थांबली. दिवस मावळत होता. खाली चढणाऱ्यांची झुंबड, दाराशी रेटारेटी. तेवढ्यात माझ्या खिडकीशी दोन हात वर आले. हातांत कुंचीतलं तान्हं मूल. खालून बाई म्हणाली, "बाई, एवढं लेकरू धरा. मी मागनं आलेच."
यात काय नवल? गर्दीच्या गाडीत अशी पोरं आत देतातच. मी घेतलं. ऊबदार होतं, अंगाला चुलीच्या धुराचा वास. टाळू धडधडताना दिसत होती. घंटी झाली, गाडी निघाली. मी मागे वळून दाराकडे पाहिलं, बाई चढली का म्हणून. परत वळले तर मांडीवर काही नाही.

साडी ओली झाली होती. मुलाने करावी तशी.
शेजारची बाई जागा सोडून उभी राहिली होती. एवढ्या गर्दीत माझ्या शेजारची जागा बारामतीपर्यंत रिकामी राहिली.

१२ नोव्हेंबर
लीलाबाईंना धरूनच बसले. आधी त्या टाळत होत्या. मग टोपली मांडीवर घेऊन खालच्या आवाजात सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"रतन नाव तिचं. दोन हंगाम झाले बघा. फाट्याला ऊसतोडीच्या कोपीत राहायची. लेकरू तापलं हुतं, बारामतीला दवाखान्यात न्ह्यायचं हुतं. गाडी गच्च. तिनं लेकरू खिडकीतनं आत दिलं न् दाराकडं पळाली. तितं पाय ठेवाय जागा न्हाय. गर्दीत कुणाचा तरी हात दोरीला लागला, घंटी वाजली, गाडी निघाली. ती मागनं पळाली. तिच्या मागनं उसाचा ट्रॅक्टर..."

मी मुलाचं विचारलं. ज्या बाईने ते धरलं होतं, तिला वाटलं आई गाडीतच कुठेतरी असेल. बारामती आल्यावर तिने मूल बाकड्यावर ठेवलं आणि उतरून गेली. मग उतरणाऱ्यांची घाई, चढणाऱ्यांची घाई, वरून पडणारी गाठोडी. ते मूल तिथे आहे हे कळलं तेव्हा कळून उपयोग नव्हता.

"मी बी त्याच गाडीत हुते, ताई," लीलाबाई म्हणाल्या. "समदं गाव त्याच गाडीत हुतं."

१५ नोव्हेंबर
काल काच बंद केली होती. आजही. उपयोग नाही. गाडीत बसले की मांडी जड होते. आज एक्स्चेंजमध्ये बोर्डासमोर बसले होते तेव्हाही. पाय बधिर होतात ना, तसं नाही. कुणीतरी झोपलंय आणि झोपेत अंग हलवतंय, तसं.

घरी आल्यावर स्वरूपाला घ्यायला हात पुढे केले. ती आलीच नाही. साखरबाईंच्या मागे लपून म्हणाली, "तितं बाळ बसलंय."
"तितं" म्हणायला ती इथेच शिकली. साखरबाई हसल्या. मी नाही हसले.

१७ नोव्हेंबर
ह्यांना फोन केला. हसले. दगदग होतेय म्हणाले, या शनिवारी येणं जमणार नाही, पुढच्या शनिवारी बघू.

स्वरूपा तीन दिवस माझ्याजवळ आलेली नाही. झोपते साखरबाईंच्या कुशीत. माझी पोर माझ्याच घरात मला परकी झालीय. आणि लाज वाटते लिहायला, पण आज मी एकटी बसून मांडी हलवत होते. झोका देतात तशी. माझं मलाच कळलं नाही.

लीलाबाई म्हणाल्या, ज्याचं त्याला परत द्या. आई तिकडं हिंडती, लेकरू हिकडं हिंडतंय, चुकामूक झालीय दोघांची. फाट्यावर उतरा न् तिच्या वटीत घाला. मी विचारलं, तुम्ही याल बरोबर? त्या बांगड्या मोजायला लागल्या.

१९ नोव्हेंबर
उतरले.

भीमराव नको नको म्हणत होते. माझ्यामागे गाडी निघून गेली. पिंपरणीच्या झाडाखाली ती उभी होती. पदर पुढे ओढलेला, तोंड दिसत नव्हतं. मांडीवरचं ओझं आता हातांवर आलं होतं आणि ते रडत होतं. मला फक्त त्याची कीव आली. मी हात पुढे केले. म्हटलं, रतन, हे घे. तुझं लेकरू घे.

तिने वाकून पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग मान हलवली.
"ह्ये माझं न्हाय."
मी म्हटलं, तुझंच आहे गं, कुंची बघ.
"माझं एवढं बारकं कसं असंल? दोन हंगाम झालं की. आता चालत असंल. बोलत असंल." आणि मग अगदी सहज, बाया पाण्यावर विचारतात तसं, "तुमची केवढी हाय?"

मी पळाले. वडापची जीप मिळाली. घरी कशी आले आठवत नाही. हात अजून भरलेलेच आहेत.

तिला मी सांगितलं नव्हतं, मला मुलगी आहे म्हणून.

२० नोव्हेंबर, रविवार
स्वरूपा दुपारभर खिडकीशी उभी. कुणाशी तरी बोलतेय. खाली गल्ली, गल्लीत कुणी नाही.
विचारलं तर म्हणाली, आई हाय.
मी म्हटलं, आई मी आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा खिडकीबाहेर.

काच लावली. कडी लावली. उद्या पहिल्या गाडीने पुण्याला. नोकरी गेली तर जाऊ दे. साखरबाईंनी न विचारता दशम्या करून दिल्या.

२१ नोव्हेंबर
पुण्याच्या गाडीला गर्दी. एवढी की — दारात पाय ठेवता येईना. स्वरूपा कडेवर, लोक रेटतायत, ती गुदमरून रडायला लागली. मागून एकाची ट्रंक तिच्या डोक्याला लागली. खिडकीतून कुणीतरी हात पुढे केले. म्हणाली, द्या हिकडं, चेंगरंल ती. तुमी मागनं या.

दिली.

तोंड बघितलं नाही. गर्दीत तोंड कोण बघतं? हात दिसतात फक्त. पुढे आलेले हात, आणि आपल्याला बरं वाटतं की कुणीतरी —

चढले. माणसांना ढकलत, ओरबाडत गेले. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ. ते म्हणाले ही जागा मघापासून माझीच आहे. मूल? कुठलं मूल? कुणीच पाहिलं नाही. अख्खी गाडी भरलेली आणि कुणीच —

गाडी रिकामी केली. बाकड्यांखाली पाहिलं. पोलीस आले. पोचवायला आलेल्या साखरबाई ऊर बडवत होत्या. ह्यांना कुणीतरी फोन केला. सगळे मला एकच विचारत होते, कुणाच्या हातात दिली? कशी होती दिसायला?

त्यांना सांगून काय कळणार. मी निघून आले.

२१, संध्याकाळ. पिंपरणीचा फाटा
मघापासून बसलेय. दोन गाड्या गेल्या. काचा बंद. मी ठोठावल्या. आतले लोक समोर बघत राहिले. भीमरावसुद्धा.

बाळ मांडीवर आहे. भुकेलंय. आता मला त्याचं तोंडही दिसतं. गोड आहे.

लीलाबाई दिसल्या एका गाडीत. टोपलीवर डोकं टेकून रडत होत्या. काच नाही उघडली.

गाडी येतेय. बारामतीची. गच्च आहे —

एक खिडकी उघडी आहे. बाई बसलीय. पदर पुढे. तिच्या मांडीवर — उभी आहे ती, मांडीवर उभी आहे, खिडकीची कड धरून बाहेर बघतेय, स्वरू —

हसतेय. माझ्याकडे बघून नाही. त्या बाईकडे बघून.

थांबणार नाही गाडी. मला पळायला हवं. पण बाळ घेऊन कसं — कुणी तरी धरा हो याला, एवढं लेकरू ध