सर्दीची पुडी

बाबा, तुमच्या त्या पुडीची मला अजून किळस येते. तुम्ही गेलात त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी पनवेलच्या बाजारातल्या आपल्या मेडिकलमध्ये उभी राहिले की सगळं डोळ्यांसमोर येतं. गिऱ्हाईक काउंटरवर शिंकतं आहे, तळहाताने नाक पुसून तोच हात काचेवर ठेवतं आहे, आणि तुम्ही त्याला काही न विचारता वर्तमानपत्राचे कापलेले चौकोन ओढता, अंगठ्याला थुंकी लावून एक सुटा करता आणि त्याच अंगठ्याने गोळ्या त्यावर सरकवता. एक तापाची, एक पिवळी, एक नाक मोकळं करणारी. पुडीवर ना नाव, ना तारीख. मी शाळेतून येऊन तिथेच डबा खायचे आणि घास गिळवायचा नाही.

फार्मसी शिकायला लागल्यावर मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, ही गोळी नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसवते म्हणून नाक मोकळं होतं, पण ती बाकीच्या शरीरातल्याही आकसवते. बीपी वाढतो. हृदयाचा त्रास असलेल्याने, काचबिंदू झालेल्याने, लघवी अडकणाऱ्या म्हाताऱ्याने ती अशी घेऊ नये. निदान विचारा तरी. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "नाक मोकळं झालं की माणूस खूश होऊन घरी जातो. हे नाही शिकवत तुमच्या कॉलेजात?" समोरचं गिऱ्हाईक हसलं. मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर तुमचीही शिसारी आली.

त्या औषधाशी माझं वैर नाही. आखातात नोकरीला निघालेला कुणी भर सर्दीत विमानात बसणार असेल, कान दुखतील म्हणून घाबरला असेल, तर बीपीचं विचारून मीही देते. नाकात घालायचे थेंबही देते, पण बजावून, की तीन-चार दिवस, पुढे नाही. लांबवले की नाक उलट जास्त चोंदतं आणि माणूस बाटलीला बांधला जातो. एक मास्तर ती खिशात घेऊनच फिरतात. बोलता बोलता मान मागे टाकून थेंब सोडतात आणि घशात उतरलेलं सगळं आवाज करून ओढतात. मला बघवत नाही. परवा पळस्प्याकडच्या एक आजी आल्या. "तुजे बापाची पुडी दे गो. आमाला या डब्यातल्या गोळ्यांचा गुन नाय येत." बीपी आहे का विचारलं, तर म्हणाल्या, "हाय ना. तुजा बाप कदी इचारत नव्हता." हे त्या तुमचं कौतुक म्हणून सांगत होत्या.

बाहेरच्यांचं सोडा. आईला आता बीपी आहे. तुम्ही गेल्यावर लागला. गेल्या थंडीत तिने मला न सांगता दुसऱ्या दुकानातून "आमच्या ह्यांच्यासारखी" पुडी बांधून घेतली. संध्याकाळपर्यंत डोकं फुटायची वेळ आली, छाती धडधडायला लागली, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बीपी बघितला, पुडीत काय काय होतं ते विचारलं आणि मला म्हणाले, "मेडिकल तुमचंच ना?" मान वर करवेना. आई मात्र खाटेवरून म्हणते, "यांच्या हातची असती तर असं झालं नसतं."

आता पुन्हा तिचं नाक चोंदलं आहे. वाफ नको, मिठाच्या पाण्याचे थेंब नकोत. "त्यांची पुडी दे, नाहीतर मी बाहेरून आणते." ती आणेल, हे मला माहीत आहे. म्हणून काल मीच एक पुडी बांधली. तिला चालते ती तापाची गोळी आणि एक व्हिटॅमिनची, बस; नाक मोकळं करणारी नाहीच. सांगितलं, बाबा द्यायचे तीच आहे. सकाळी ती हसत उठली, नाकाने लांब श्वास घेऊन दाखवला आणि म्हणाली, "बघ, तुझ्या शिक्षणाला जमलं नाही ते."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, लिहून झालं की फाडणार आहे. तिला खरं सांगायचं असं सकाळपासून ठरवते आहे. पण आजचीही पुडी बांधून ठेवली आहे, आणि तिने विचारलं की तुमचंच नाव सांगणार आहे.