चूक कोणी पकडली

रविवार, ता. १४, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार, आणि आईलाही सांग. पाकिटावर माझं अक्षर बघून धसका घेऊ नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या या भोंग्याने हाताने पत्र लिहिलं म्हणजे कोणीतरी गेलं, असंच तुला वाटणार, म्हणून हे आधी.

गिझर दुरुस्त झाला. तुझ्या भावजयीचा खोकला एकदाचा गेला. कारखान्यात खोकी कापायचं नवीन यंत्र आलंय, ते खोकी कमी आणि आवाज जास्त काढतं. पुठ्ठ्याचा भुसा माझ्या टेबलापर्यंत उडत येतो आणि चहावर तरंगत बसतो. आईचा गुडघा कसा आहे? तो पट्टा ती खरंच बांधते, की उशीखाली ठेवून आपल्याला गंडवते?

हे सगळं मी तुला परवा फोनवर सांगितलंय, मला आठवतंय. फोन केला होता तो दुसरंच सांगायला. तू म्हणालीस, "बरं, अजून काय?" आणि मी पुन्हा गिझरवर गेलो.

तर आता कागदावर. इथे तुझा आवाज नाही, तेवढाच मला धीर.

मी त्या नोकरीधंद्याच्या साइटवर लिहितो हे तुला ठाऊक आहे. तू तिथे नाहीस, त्यामुळे मला मोकळं रान होतं. तिथे तुझा भाऊ "पुरवठा व्यवस्थेतला विचारवंत" आहे. म्हणजे खोकी गाडीत चढवून घेणारा. हाताची घडी घातलेला फोटो आहे. तो बघून तुझ्या भावजयीने विचारलं होतं, "कोणाशी भांडण झालंय का?" पण लोक वाचायला लागले, ताई. कारखान्यात ज्या साहेबांना माझं नाव माहीत नव्हतं ते जिन्यात थांबून "छान लिहिता हो" म्हणायला लागले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि तिथेच मुक्काम केला.

त्यासाठी मी एक मास्तर धरला होता. माणसाचा "ब्रँड" कसा करायचा हे तो शिकवतो. त्याचं म्हणणं असं की लोकांना माहिती नको असते, गोष्ट हवी असते. गोष्टीत कोणाची तरी चूक हवी आणि शेवटी शहाणे तुम्ही ठरायला हवं. दर आठवड्याला एक. माझ्या चुका लवकर संपल्या. म्हणजे चारचौघांत सांगण्याजोग्या.

मग मी तुझी चूक घेतली.

बघ, एका ओळीचा परिच्छेद. तिथे असंच लिहितात, मध्ये मोकळी जागा सोडून, म्हणजे वाचणारा खाली खाली ओढला जातो. हाताला तेच वळण लागलंय माझ्या. तुझ्यापुढे तरी हे बंद करतो आणि सरळ सांगतो.

जुन्या लॅबमधली ती गोष्ट. रक्ताच्या दोन नळ्यांवरची लेबलं तुझ्याकडून अदलाबदल झाली आणि एका धडधाकट माणसाच्या घरी साखर वाढल्याचा रिपोर्ट गेला. ती तू घरात कोणालाच सांगितली नव्हतीस. भाऊजींनाही उशिरा. मला मात्र त्याच संध्याकाळी फोन केला होतास. मी ती लिहून टाकली. नाव घातलं नाही, "माझी मोठी बहीण, लॅब टेक्निशियन" एवढंच. पण तू लग्नानंतरही आपलंच आडनाव लावतेस आणि ते माझ्या फोटोखाली ठळक आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही असं म्हणायला आवडलं असतं. सुचलं होतं. पण तोवर गोष्ट जमून आली होती.

लिहिल्यावर ती तुझ्या भावजयीला दाखवली. तिने वाचली, फोन परत दिला आणि विचारलं, "ताईंना दाखवलीत?" मी म्हटलं, तिला काय दाखवायचं, कौतुकच केलंय. ती भाजी निवडायला बसली. त्या दिवशी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि मी ते तिच्या खोकल्यावर ढकललं.

ती पोस्ट तुफान चालली. आजवरचं माझं काहीच तेवढं चाललं नव्हतं. आणि वाचणाऱ्यांत एक मोठे डॉक्टर होते. ताई, तू जिथे मुलाखतीला गेली होतीस त्या लॅबचे डॉक्टर.

त्यांनी मला खाजगीत विचारलं, "आमच्याकडे याच आडनावाच्या, अशाच अनुभवाच्या एक बाई आल्या होत्या. त्या आपल्या भगिनी का?" मी कँटीनमध्ये होतो. एवढा मोठा माणूस आपल्याशी बोलतोय म्हणून हातातला घास तसाच ठेवला आणि लगेच लिहिलं, "हो सर, तीच! तिला समजवायला मला फार कष्ट पडले." वर हात जोडलेलं चित्र.

त्यानंतर तुला नकार आला. तू फोनवर म्हणालीस, "प्रॅक्टिकलला रक्त काढताना हात थरथरला रे माझा. सुटलंय आता ते काम हातून." दोन आणि दोन मला तेव्हाच मांडता आले असते. पण मी मूग गिळून बसलो, आणि वर तुला म्हणालो की होतं असं, वय झालं की. तुझं वय! तुझ्यापेक्षा माझेच केस पिकलेत.

मग मागच्या आठवड्यात आईशी बोललो. ती सहज म्हणाली, "अरे, तिने तो पांढरा कोट फाडून फडकी केली. जाड कापड आहे, आरसे छान पुसून निघतात. आता एक तारखेपासून बुटांच्या दुकानात काउंटरवर बसणार म्हणते." आई खूश होती, आरसे स्वच्छ निघाले म्हणून. मला पुढचं ऐकू आलं नाही.

काल मी डॉक्टरांकडे गेलो. चिठ्ठी पाठवून बराच वेळ बाकावर बसलो. वाटलं होतं, हात जोडीन, म्हणेन की एका चुकीसाठी तिला नाकारू नका. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुकीसाठी कोण नाकारतंय? चुका माझ्याही झाल्यात. जुनी नोकरी का सोडलीत, असं विचारलं तर तुमच्या बहिणीने आपणहून सगळं सांगितलं. म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नळ्या पुन्हा तपासताना चूक मीच पकडली, मालकांना मीच सांगितली, पेशंटच्या घरी फोनही मीच केला. मला बाई आवडल्या होत्या. मग तुमचं वाचलं. त्यात तर बहीण चूक लपवायला निघाली होती आणि तुम्ही तिला समजावून कबूल करायला लावलंत. मी तुम्हाला विचारलंही, तुम्ही हो म्हणालात. म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं."

मी म्हटलं, "मी."

ताई, हेच ते. हेच मी गिझरच्या आड लपवत होतो. तुझी चूक चव्हाट्यावर मांडली ते वाईटच, पण त्याहून वाईट हे की तुझा खरेपणा मी स्वतःच्या नावावर लावला. त्या संध्याकाळी फोनवर तू रडत होतीस आणि म्हणत होतीस की नळ्यांचा काहीतरी घोळ झालाय असं वाटतंय, सकाळी सगळ्या परत बघते, आणि तसं असलं तर सांगून टाकते. मी काय म्हणालो होतो आठवतं? "गप्प बस. कोणाला कळतंय? नोकरी जाईल." भावजय तिथेच उभी होती, तिने ऐकलंय. तू माझं ऐकलं नाहीस. आणि पोस्टमध्ये मी ते उलटं फिरवलं, तू गप्प बसणारी आणि मी बोलता करणारा. मास्तर म्हणाला होता ना, शेवटी शहाणे तुम्ही ठरायला हवं.

मला माझी लाज वाटते. हे वाक्य तिथे मी बऱ्याचदा वापरलंय, निरनिराळ्या गोष्टींबद्दल, आणि प्रत्येक वेळी मजेत होतो. आज लिहिताना मान वर करवत नाही.

अजून एक सांगायचंय आणि ते सगळ्यात ओशाळवाणं आहे. डॉक्टरांकडून निघालो तो मास्तराला फोन केला, ही पोस्ट काढून टाकतो म्हणून. तो ओरडलाच, "काढताय कुठे? सोनं आहे हे! 'मी खोटं बोललो', पहिली ओळ हीच ठेवा. माफीच्या पोस्ट फार चालतात." मी त्याला शिव्या घालायला हव्या होत्या. मी घरी आलो, लॅपटॉप उघडला आणि ती ओळ लिहिली. सोबत कुठला फोटो शोभेल याचा विचार करत होतो. आपल्या दोघांचा लहानपणचा आहे ना, तू माझं नाक पुसतेयस तो. अल्बम काढायला उठलोसुद्धा. कपाटापाशी भावजय उभी होती. ती नुसती बाजूला झाली. तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि कारखान्याचा हा रेघांचा कागद घेतला.

निघताना मी डॉक्टरांना विचारलं होतं, "तिचा हात फार थरथरला का?" त्यांना कळेचना. म्हणाले, "हात? रक्त त्यांनी माझंच काढलं. सुई गेली कधी तेही समजलं नाही."

जागा अजून भरलेली नाही. पण ते आपणहून फोन करणार नाहीत. म्हणाले, "आधी तुम्ही त्यांना सांगा. मग त्यांना यावंसं वाटलं तर येऊ दे." माणूस कडक आहे, पण मला ते पटलं.

त्या पोस्टचं काय करायचं ते तू सांग. पुसून टाक म्हणालीस तर पुसतो. खरं लिही म्हणालीस तर लिहितो, आणि आधी तुला वाचून दाखवतो. तोवर मी तिथे एक अक्षर लिहिणार नाही. या वेळी विचारतोय, ताई. तेव्हाच विचारायला हवं होतं.

बुटांच्या दुकानात जायचं असेल तर खुशाल जा. माझ्याशी बोलायचं नसेल तर तेही बरोबरच आहे, मी आईकडून तुझी खबर घेत राहीन. पण हात थरथरला म्हणून जाऊ नकोस. तो थरथरला नव्हता.

चूक तू पकडलीस, तू सांगितलीस, आणि मी तुला गप्प बस म्हणालो होतो. हे माझ्या अक्षरात तुझ्यापाशी असू दे, कोणालाही दाखव.

तुझा,
आणि एवढं एकच खरं सांगितलेला,
भोंगा