तिसऱ्या अंकात राहिलेले वाक्य

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण थोरली सून तो मागितल्याशिवाय राहणार नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. कै. यजमानांची चांदीच्या मुठीची काठी थोरल्या मुलाला. त्यांनी ती टेकण्यासाठी नव्हे, मिरवण्यासाठी घेतली होती; त्यालाही टेकायला लागणार नाही.

२. बँकेतील ठेवी दोन्ही मुलांना सारख्या. धाकट्याने भावाशी अबोला धरू नये. दोन दिवसांत स्वतःच फोन करील, मग कशाला?

३. क्लबला काहीही नाही. क्लबच्या नाट्यशाखेने केलेले ते विनोदी नाटक टोपणनावाने मी लिहिले होते. त्यात न्यायाधीशाच्या घरी 'दूरच्या नात्यातली' म्हणून वाढणारी पोर त्याचीच मुलगी असते. सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे साळसूदपणे चहा पितात. प्रयोगानंतर सेक्रेटरी मला म्हणाले, "वहिनी, असली माणसं आपल्यात नसतात, पण करमणूक झकास!" पहिल्या रांगेत सर्वांत मोठ्याने हसले ते माझे यजमान.

४. हे राहते घर मला माझ्या वडिलांनी दिले. ते संपूर्ण चिमीला.

चिमी चार वर्षांची असताना यजमानांनी तिला घरी आणले. "दूरच्या नात्यातली आहे, आईबाप नाहीत," म्हणाले. नाक थेट त्यांचे. मी तिचे पान वाढले.

नाटकाच्या तिसऱ्या अंकात शेवटी न्यायाधीशाची बायको पाहुण्यांसमोर म्हणते, "ही माझ्या नवऱ्याची मुलगी आहे." पहिल्याच प्रयोगात नटी तिथे अडली. विंगेत प्रॉम्प्टिंगला मीच होते. नाटकाची वही उघडी, बोट ओळीवर, आणि तोंडातून शब्द निघेना. नटीने वेळ मारून नेली, "ही आमच्या दूरच्या नात्यातली!" प्रेक्षक हसून बेजार. पुढचे सगळे प्रयोग त्याच वाक्यावर संपले. मी दुरुस्ती केली नाही.

कपडेपट चिमीकडे होता. आवराआवर करताना ती म्हणाली, "काकू, वहीत शेवटचं वाक्य वेगळंच आहे की हो."

"वही जागेवर ठेव," मी म्हटले. तिने ठेवली. पुन्हा विषय काढला नाही.

माझे कमरेचे हाड मोडले तेव्हा आठ महिने मला तिनेच उठवले-बसवले. सुना फळे घेऊन येत.

मुलांनी 'ती घरची कोण?' असे विचारल्यास वकिलांनी वहीतले मूळ वाक्य वाचावे. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे. तरी माझ्या मरणाची वाट कशाला? सह्या होताच तिला बोलावून मीच सांगणार आहे.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार १: क्लबचा जुना रंगभूषाकार (साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये म्हणतात, म्हणून मोठा आरसा त्याने आजच न्यावा)
साक्षीदार २: शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक
स्थळ: घरातले जेवणाचे टेबल
दिनांक: सात मार्च, सकाळी

ता. क. दोन्ही साक्षीदारांसमोर सांगितले. चिमी म्हणाली, "माहीत आहे, काकू. सकाळची गोळी घेतलीत का?"

घेतली नव्हती. ती घेतली आणि या ता. क.खाली पुन्हा सही केली.