शैलाच्या नावाचा हॉल

४ जानेवारी, रविवार

"माझ्या मैदानावरच्या मुलींनो, तुम्हाला आजवर नारळ पुष्कळ मिळाले, शाली मिळाल्या, मैदान मात्र दर वेळी कुणीतरी उसनं दिलं आणि लग्नसराईत परत मागितलं." ह्या वाक्याने सुरुवात करायची. सत्कार होणारच. भाषण मलाच करायला लावणार. तर ह्याच वाक्याने.

सकाळच्या बातम्यांत नाव आलं. अर्जुन पुरस्कार, कबड्डी, महाराष्ट्राची शैला. आमची शैला! चहा गॅसवर तसाच टाकून मैदानावर धावले. अण्णा नेहमीप्रमाणे माती चाळत होते. गिरणीत माग चालवायचे तेव्हापासून पोरींना कबड्डी शिकवतायत. संप मोडून चार वर्षं झाली, गिरणी गेली, शिकवणं नाही गेलं. मी सांगितलं. त्यांनी चाळण खाली ठेवली नाही. आणखी दोनदा हलवली. मग म्हणाले, "आमच्या चेडवाचा नाव घेतल्यानी? रेडिओर?" आणि मातीतच बसले.

मी म्हटलं, आता कोचांनाही द्रोणाचार्य नावाचा पुरस्कार निघालाय, पुढल्या खेपेला तुमचा नंबर. म्हणाले, "माका द्रोण नको. पत्रावळ घाला, पोटभर."

शै. बँकेतून संध्याकाळी आली असती, पण आज रविवार, घरीच. तिच्या आईने, सोनाक्काने, सगळ्या चाळीला साखर वाटली. माझ्या हातावर जरा जास्त.

८ जानेवारी, गुरुवार

आमचे नगरसेवक नाना स्वतः घरी आले. माझ्या घरी पहिल्यांदाच. पुस्तकांकडे बघून म्हणाले, "बाई, एवढी वाचलीत की नुसती ठेवलीत?" मी म्हटलं, तुमची भाषणं ऐकून उरलेल्या वेळात वाचली.

हसले. राग येत नाही माणसाला, हीच पंचाईत.

बेत असा. बोरीवलीत असा सत्कार झाला नाही असा सत्कार. पंचवीस तारखेला, मैदानावरच. आणि त्याच दिवशी घोषणा: शै.च्या नावाचं सभागृह. दोन मजली. खाली लग्नकार्यं, वर...

"वर तुमचं वाचनालय, बाई. कधीपासून मागताय."

खोटं कशाला लिहू, मन हललं. बारा वर्षं ह्या वस्तीत वाचनालय मागतेय. पालिकेच्या शाळेत मराठी शिकवते, पोरांना पुस्तकांची नावं सांगते, पुस्तकं दाखवता येत नाहीत. मी विचारलंच नाही, हॉल नक्की कुठे बांधणार. नाना गेले आणि मी भिंतीवर कपाटं मोजत बसले.

१९ जानेवारी, सोमवार

दिल्लीहून परतल्या मायलेकी. शाळा सुटल्याबरोबर गेले. सोनाक्का पलंगावर, चाळीतल्या बाया खाली, आणि मधोमध स्टुलावर अर्जुन. काशाचा, धनुष्य ताणलेला. शै.चा ब्लेझर खिळ्यावर, त्याला हात लावायला रांग.

सोनाक्का सांगत होती, "राष्ट्रपतीच्या वाड्यात गालिचा असा, की पाय रुततोय. म्हटलं चपला काढाव्या का काय. एक साहेब बोलला, रहने दो माताजी. माताजी बोलला मला! आमच्या औषधाच्या कंपनीत सुपरवायझर नाव बी घेत न्हाई नीट."

येताना गाडीत अर्जुनाला गोधडीत गुंडाळून बर्थवर निजवलं आणि ही रात्रभर बसून. शै. वैतागून: "आई, तो काशाचा आहे, त्याला झोप लागत नाही." "मग मला बी लागत न्हाई."

मी मूर्ती हातात घेतली. जड आहे. मनात आलं ते लिहून ठेवते: ज्या गोष्टीत आमच्या बाजूच्या पोराचा अंगठा गेला, त्या गोष्टीतल्या राजपुत्राला आमची मुलगी काखेत मारून घरी घेऊन आली. दहाही बोटं शाबूत. एवढंच वाक्य बोलले तरी सभा उठेल.

२२ जानेवारी, गुरुवार

नानांनी पत्रकं वाटली. हॉलचं चित्र छापलंय. शै. चित्र बघत राहिली.

"बाई, हा मागे डोंगर दिसतोय. आणि हा पिंपळ. हे आपलं मैदान आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. पिंपळ आमचाच.

म्हणजे कबड्डीपटूच्या सन्मानार्थ कबड्डीचं मैदान खलास. मुलींनी खेळायचं कुठे, हे चित्रात नाही. ह्या देशात बाईचा सन्मान करायचा म्हणजे आधी तिच्या पायाखालची जागा काढून घ्यायची आणि मग तिला चौरंगावर उभं करायचं! (हे वाक्य ठेवावं.)

पण सोनाक्का ऐकेना. "दगडावर नाव यील माझ्या पोरीचं. तिच्या बापाचं नाव रेशनकार्डाबिगर कुठं न्हाई. तुमी शिकल्याल्या, तुमची नावं छापून येत्यात. आमची?"

मी पत्रकाची घडी घातली. शै. म्हणाली, "आई, मी मैदानावर नसते तर दिल्लीला गेले असते का?" सोनाक्का म्हणाली, "गेलीस न्हवं? झालं तर. आता मैदान काय करायचं?"

तिथून सरळ नानांच्या ऑफिसात गेले. नाना म्हणे, "बाई, मुली काय, लग्नं होऊन जातात. हॉल राहतो." उठून आले. दार आपटलं. वाचनालय गेलं खड्ड्यात.

२४ जानेवारी, शनिवार

खड्ड्यात म्हटलं आणि खरेच खड्डे! मांडववाल्यांनी सकाळीच मैदानावर बांबू रोवले. बरोबर मध्यरेषेवर एक, कोपऱ्यात दोन, बाकी मोजवेनात. दहा तारखेला जिल्हा निवड आणि मैदानाची चाळण झालेली. अण्णा एका बांबूला धरून उभे, बांबू हलू देत नाहीत, मांडववाला वरून ओरडतोय, "ओ काका, सोडा ना यार, माझी मजुरी वाया जातेय!"

अण्णा: "मेल्या, माती खंयची ती ठाऊक आसा तुका? डोंगराकडसून गोणी पाठीर मारून हाडलंय. खडो एक गावाचो नाय तुका. आनि तू भोकां पाडतंस?"

शेवटी शै.नेच अण्णांना बाजूला घेतलं. "उद्या एक दिवस, अण्णा. परवा भरू." ती इतकी शांत, की मला भीती वाटली. हार मानली की काय पोरीने.

मी भाषण पुन्हा लिहिलं. जाळ आहे नुसता. नानांचं नाव न घेता नानांची वाट लावलीय.

२५ जानेवारी, रविवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

दुपारी शै. आली. "बाई, आज तुम्ही बोलू नका ना."

"का गं?"

"तुम्ही बोललात की लोक म्हणतात, काय भाषण झालं! आणि घरी जातात."

वीस वर्षं बोलतेय. गिरणीच्या फाटकावर बोलले, बुद्धविहारात बोलले, महागाईच्या मोर्चात लाटणं हातात घेऊन बोलले. असं मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. राग आला. मग वाटलं, खरं आहे.

"मग काय करायचं?"

"तुम्ही माझं नाव घ्या आणि बसा. मी बोलते. चुकले तर चुकले."

मांडव खच्चून भरलेला. गुजराती सोसायट्यांतून शेठ मंडळी, आमची सगळी वस्ती, पुढे सतरंजीवर मैदानावरच्या पोरी. मी उठले, "अर्जुन पुरस्काराची मानकरी, आपली शैला," म्हटलं, बसले. लोक बुचकळ्यात. नाना माझ्याकडे वाकून: "बाई, तब्येत बरी आहे ना?"

शै. माइकसमोर. ब्लेझर घातलेला. पाय मात्र अनवाणी, मैदानावर आहे म्हणून.

"मला बोलता येत नाही. नाना, तुम्ही माझं नाव देणार म्हणालात. देणार ना?"

नाना: "देणार म्हणजे? दिलंच!"

"माइकवर सांगा ना. मागच्या बायकांना ऐकू येत नाही."

नाना उठले, माइक घेतला. "दिलं! शैलाताईंचं नाव दिलं!" टाळ्या.

"मग ह्या मैदानाला द्या. हॉलमध्ये मला पळता येत नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून एक शिट्टी. मग हशा. शै. थांबलीच नाही. सतरंजीकडे बघून म्हणाली, "ज्यांना दिल्लीला जायचंय त्यांनी उभं राहा." पोरी उभ्या! सगळ्या, शेंबड्या धरून. एक तर मांडवाच्या बांबूवर चढली.

"ह्या कुठल्या मजल्यावर खेळणार, नाना? लग्नाच्या की वाचनालयाच्या?"

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. बायका उठून उभ्या. शेठ मंडळीसुद्धा टाळ्या वाजवतायत. नाना मुरलेला गडी, दोन क्षण चेहरा पडला, तिसऱ्या क्षणाला हात वर: "मैदानाचंच नाव! शैला क्रीडांगण! मी शब्द देतो!"

आधी वचन घेतलं, मग वचनाचं काय करायचं ते सांगितलं. हे मी कुठल्याही पुस्तकात शिकवू शकले नसते. अण्णा माझ्या कानात: "बोनस पण घेतल्यान आनि गडी पण मारल्यान. खेळात करता तांच केल्यान." डोळे पुसत होते.

माझं जाळ भाषण पर्समध्येच राहिलं. आयुष्यातली माझी सर्वांत चांगली सभा, आणि मी त्यात एक वाक्य बोलले.

सोनाक्का टाळ्या न वाजवता बसून होती. घरी जाताना लेकीच्या पुढे एकटीच चालत गेली.

२८ जानेवारी, बुधवार

खड्डे भरले. मुली, त्यांचे भाऊ, मांडववालाही आला, लाजत. अण्णा त्याला चाळण देऊन म्हणाले, "चाळ आता, वरमायेसारखो उभो काय ऱ्हवतंस."

संध्याकाळी नानांचा माणूस. "नाना शब्दाचे पक्के. नाव मैदानालाच. पण अर्ध्या जागेवर हॉल होणार. ठराव आधीच झालाय. सोमवारी सकाळी पालिकेची माणसं मोजायला येतायत. दोन्ही बाजू खूश ना?"

अण्णा: "अर्ध्या मैदानार कबड्डी म्हंजे नवऱ्याबिगर लगीन."

तो माझ्याकडे वळला. "बाई, तुमचं वाचनालय आहे त्यात. विचार करा."

मी म्हटलं, पुस्तकं माझ्या घरात मावतात. मुली मावत नाहीत. जा, सांग.

३१ जानेवारी, शनिवार

मोजणीवाले आले की मैदानावर खेळ चालू असलाच पाहिजे, असं ठरलंय, म्हणून शै.ने बँकेत सोमवारची रजा टाकली. पुरस्कारानंतरची पहिली रजा. मॅनेजर म्हणे, "परत सत्कार का?" ही म्हणाली, "नाही सर, प्रॅक्टिस."

संध्याकाळी सोनाक्का आली. दारातच उभी. सहा दिवस लेकीशी अबोला, आज कामावरून थेट माझ्याकडे.

"त्या पोरी उभ्या ऱ्हायल्या ना, त्यात आमच्या शेजारणीची बारकी हुती. पाय वाकडा तिचा. ती बी उभी. दिल्लीला जायाचं म्हनली." आत येऊन बसली. "दगडावर एकच नाव मावतंय, बाई."

मी काही बोलले नाही. अलीकडे जमायला लागलंय.

मग म्हणाली, "मला खेळता येत न्हाई. पर मधल्या रेघेवर बसून ऱ्हाईन. कोन उठवतंय बगू. माताजी हाय मी."

इतकं हसलो दोघी, शेजारीण बघायला आली.

१ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर वस्ती पालथी घातली. काहीजणी येणार, काहीजणी नवऱ्याला विचारून सांगणार, एकीने दार लावून घेतलं. नानांची माणसंही फिरतायत. म्हणे, बाईंना वाचनालय हवंय म्हणून हा तमाशा. म्हणू देत.

किती येतील माहीत नाही. मोजणीवाले पोलीस घेऊन येतील का, तेही माहीत नाही. शै. म्हणाली, "मी एकटी असले तरी चढाई करणार." पण एकटीने कबड्डी होत नाही. समोर सात लागतात.

पहाटे नळावर बायका जमतील तेव्हा शेवटचं सांगायचं. ह्या खेपेला टाळ्यांचं वाक्य नको. एवढंच:

बायांनो, आज सकाळी आठ वाजता मैदानावर या. जिने शाळेत एकदा तरी कबड्डी म्हटलंय तिने या, जिचा खेळ लग्नानंतर सुटला तिने तर आधी या. घोषणा नको, दगड नको, माझं भाषणही होणार नाही. पदर खोचा, चपला पिंपळाखाली काढा, दोन बाजू करा आणि फिता घेऊन आलेली माणसं परत जाईपर्यंत खेळत राहा.