दुसऱ्या पसंतीचा माणूस

३ तारीख, सकाळ
इमारतीच्या अध्यक्षपदाची निवडणूक जाहीर. गेल्या खेपेस चाळीस सभासदांतून मला पंधरा मतं, दातांच्या डॉक्टरीणबाईंना तेरा, शिंपीदादांना बारा. मी विजयी. पण शिंपीदादा आज जिन्यात म्हणाले, काका, पंचवीस जणांना तुम्ही नको होतात. जिव्हारी लागलं. त्यांना तळमजल्याच्या वाचनखोलीत सायकली ठेवायच्यात. नऊ वर्षं तिथली पुस्तकांची कपाटं मी पुसतोय. खोली गेली तर दिवसभर बसू कुठे?

५ तारीख
मासिकात तोड सापडली! पसंतीक्रम. एका नावावर फुली मारायची नाही, तिन्ही नावांपुढे १, २, ३ लिहायचं. अर्ध्याहून जास्त पहिल्या पसंती कुणालाच नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांवरच्या दुसऱ्या नावाला. म्हणजे पंधरा मतांवर कुणी मिरवायला नको. आता जिंकीन तो बहुमताने. मग बोला म्हणावं.

८ तारीख
सभेत चहा, कॉफी, दूध असं उदाहरण घेऊन समजावलं. शिंपीदादांनी विचारलं, आणि कुणाला काहीच नको असेल तर? हशा. तरी ठराव मंजूर. शिंपीदादांनी सगळ्यात आधी हात वर केला. बिचाऱ्याला गणित कळत नाही.

११ तारीख
प्रचार सुरू. पहिली पसंती मागणं बरं दिसत नाही, ती लोक आपणहून देतीलच. म्हणून दारोदार हात जोडून एवढंच: दुसरी पसंती तेवढी मला. सगळे हसून हो म्हणाले. एकही नकार नाही! बायको म्हणाली, अहो, पहिलीच मागा की. तिला म्हटलं, राजकारण म्हणजे फोडणी नव्हे.

१४ तारीख
दाढ ठणकतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढावी लागेल, हयगय केलीत. वर म्हणे, वाचनखोली मी आले तरी राहील, काळजी नको. माझी खोली मला देणाऱ्या या कोण!

१७ तारीख, दुपारी १२
मतदान झालं. स्वतःला १. डॉक्टरीणबाईंना दाढेपायी ३. उरला २ शिंपीदादांना. माझी चिठ्ठी थोडीच पुढे सरकणार आहे.

१७ तारीख, संध्याकाळी ६
शिंपीदादा वीस. डॉक्टरीणबाई एकोणीस. मी एक.
दुसऱ्या पसंती एकोणचाळीस! शब्दाला जागले सगळे. पण त्या कामी यायची वेळच आली नाही, तळाचा म्हणून मीच आधी बाद. माझी एकुलती चिठ्ठी सरकली आणि शिंपीदादा एकवीस. डॉक्टरीणबाईंना २ लिहिलं असतं तर वीस-वीस, निदान चिठ्ठी उचलून तरी निकाल लागला असता.
बायकोला विचारलं, तू सुद्धा? म्हणाली, दारोदार तुम्हीच सांगत फिरत होतात, दुसरी द्या. दिली.

१९ तारीख
वाचनखोलीची किल्ली शिंपीदादांना दिली. पुढच्या खेपेस जुनी फुलीची पद्धत आणायची, असा ठराव लिहायला घेतला. अनुमोदक मिळाला नाही.

२२ तारीख
वाचनखोलीत अकरा सायकली. शिंपीदादा मनाने वाईट नाहीत. माझी खुर्ची कुठे ठेवायची, म्हणून कागदच पाठवला: जिन्याखाली, गच्ची, तुमचं घर. पसंतीक्रम लिहा.
बायकोने डोकावून पाहिलं. म्हणाली, घर तिसरं लिहा.