पाण्याला एक बटण

६ तारीख, रविवार

बदली होऊन आले त्याला आज आठवडा झाला. ताईकडे राहतेय, मागच्या दाराला लागूनच कालवा. गुडघ्यांमुळे ताईला दोन पायऱ्याही उतरवत नाहीत, म्हणून कालवा साफ करणाऱ्या मंडळींकडे तिने मला पिटाळलं. मजा आली बाई! रबरी हातमोजे, लांब दांड्याचा चिमटा, पोती. पिशव्या, बाटल्या, एक अख्खी खुर्चीसुद्धा निघाली. म्होरक्या एक निवृत्त नर्सबाई. आवाज असा की बाटल्यांनी आपण होऊन पोत्यात शिरावं.

निघताना मात्र माझं डोकंच फिरलं. प्रत्येकाने स्वतःचं काहीतरी काढलं, कुणी बटण, कुणी केसांची पिन, आणि पुलाखाली पाण्यात टाकलं. मी म्हटलं, सकाळपासून कंबर मोडून काढलं ते परत टाकायला? मंडळींतले एक शिंपीकाका खाली मान घालून म्हणाले, पाण्यातून इतकं नेतो तर आपलं एक द्यावं, नाहीतर पाणी स्वतःच्या आवडीने निवडतं. मी मनसोक्त हसले आणि हात झटकून घरी आले.

१३ तारीख, रविवार

ताईचा चष्मा सकाळपासून सापडत नव्हता. तो माझ्या चिमट्यात आला, कालव्याच्या गाळातून. काचांवर शेवाळ, वर्षानुवर्षं बुडून असल्यासारखं. मग तिचा कंगवा निघाला. मग तिची शाल. सगळं तिचंच, माझं एकही नाही. मंडळी दोन पावलं मागे सरली. नर्सबाईंनी हात जोडले, म्हणाल्या, एक बटण टाक गं, तुझं काय जातंय? मी साफ सांगितलं, असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही. कुणीतरी टवाळखोर घरात शिरत असणार. कुलूप बदललं.

१६ तारीख, बुधवार

सकाळी ताईचे केस ओले. पायांच्या बोटांत गाळ. कुलूप जागच्या जागी. विचारलं तर म्हणते, स्वप्नात चालत होते, गुडघे अजिबात दुखत नव्हते.

हे मला आवडलेलं नाही.

१८ तारीख, शुक्रवार

हट्ट गिळला. ताईसाठी. कुडत्याची सगळी बटणं तोडून पाण्यात टाकली. एकही बुडलं नाही. तरंगत तरंगत परत पायरीला येऊन लागली. नर्सबाई रडल्या. म्हणाल्या, पाण्याने निवडलंय, आता दुसरं काही घेणार नाही.

निवडलंय म्हणे! बाजारात आलंय का ते?

१९ तारीख, शनिवार, दुपार

पोती ओढायच्या दोरीने तिचं मनगट माझ्या डाव्या मनगटाला बांधलंय. ती झोपलीय. डोळा लागू नये म्हणून उजव्या हाताने लिहितेय. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू? पण देणार नाही म्हणजे नाही.

मागचं दार उघडलं. कुलूप तर मीच —

पाणी उंबऱ्याशी. आत येत नाही. थांबलंय.

ताई झोपेतच उठली. हसतेय. काठीशिवाय चालतेय —

दोरी ताणली. मनगट सोलवटलं. पाय चौकटीला रोवलेत. ओढ, मेल्या, ओढ! तुझी घाण याच हातांनी उपसलीय मी. ही माझी ताई आहे. हिला कुणी टाकून दिलेलं नाही, आणि मी हिला सोड—