बाबांची कट्टकट्ट

६ मार्च १९९५, सोमवार
जमलं! ऑफिसात सहकारी कृष्णस्वामीने तारायंत्राची कळ दाबली आणि पडद्यावरच्या माझ्या खिडकीत अक्षर उमटलं. त्याचा प्रोग्रॅम कट्टकट्ट ऐकून अक्षर ओळखतो, आमचे दोन प्रोग्रॅम जोडणाऱ्या पाइपमध्ये टाकतो. माझा ते उचलून मोठ्ठं दाखवतो. पाइपला नाव दिलंय 'बाबा'.

बाबांनी छत्तीस वर्षं मद्रासच्या एग्मोर स्टेशनात रेल्वेच्या तारा पाठवल्या. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली, पण उजवं बोट शाबूत आहे. आता बोलतील.

७ मार्च
नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून ऑटोत मांडीवर कॉम्प्युटर घेऊन घरी आले. बाबांच्या बोटाखाली कळ ठेवली. लगेच कट्टकट्ट सुरू! खिडकी कोरी. तासभर टक लावून बसले. कोरीच.

८ मार्च
कृष्णस्वामी फोनवर म्हणाला, "कळ जोडलेल्या बॉक्सचा दिवा लागतोय ना, मॅडम? मग माझ्या बाजूने सगळं ठीक." माझा प्रोग्रॅमही ऑफिसात चालला होता. उरले बाबाच. डॉक्टर म्हणतात, जुनी सवय, हात चालतो, त्याला अर्थ नसतो. किती सहज म्हणाले. मला तारेची भाषा येत नाही. लहानपणी ते शिकवायला बसले की मी पळून जायची.

९ मार्च
दिवसभर कट्टकट्ट. शेवटी ओरडले त्यांच्यावर — "पुरे करा!" लाज वाटते.

१० मार्च
त्यांना उचलून उचलून आईची कंबर गेली. तांबरमला वृद्धांच्या एका होममध्ये जागा आहे. बाबांच्या खाटेशेजारीच बसून आम्ही ठरवलं — त्यांना कुठे कळतंय! आई म्हणाली, "विद्यू, तू नोकरी सोडायची नाहीस." कळ जरा वेळ गप्प होती. मग थोडीशी वाजली.

११ मार्च
सकाळी नेलं. गाडीत बसवताना माझ्याकडे बघत होते. मी आईची पिशवी शोधत राहिले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

१२ मार्च, रविवार
मशीन परत करायचं म्हणून बंद करायला बसले. माऊस हलवला आणि खिडकीत भराभर अक्षरं! माझाच प्रोग्रॅम, माऊस हलला तरच पाइपमध्ये डोकावणारा. ऑफिसात माझा हात सतत माऊसवर होता. इथे कोण हलवणार?

सगळं पाइपमध्ये साठून होतं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, तारेसारखं तुटक. विद्यू दिसतंय का. पाणी. पंखा कमी. दिसतंय का. विद्यू चिडू नको. आणि सर्वांत शेवटी — ऐकलं. ठीक. पाठव.

ऑटो खाली उभी आहे. आणायला चालले.